एक पोथी, हजार लहिये: टॉरेंटवरून लिनक्स वाटण्याची गोष्ट

तुमच्याही घरात असा एक लॅपटॉप असेल. स्क्रीन ठणठणीत, कीबोर्ड चालतोय, बॅटरी थोडी म्हातारी झालीय, पण काही दिवसांपासून तो सारखा बजावतोय की माझं वय झालं, मला बदला. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीच्या नेहमीच्या मोफत सुरक्षा सुधारणा थांबवल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे एरवी धडधाकट असलेली कितीतरी यंत्रं एका तारखेत 'जुनी' ठरली.

इथे एजवेअरमध्ये आमच्या ओळखीच्या एका काकूंकडे असाच लॅपटॉप होता. मेल, नातवंडांशी व्हिडिओ कॉल, मराठी वर्तमानपत्रं आणि नाटकं, एवढाच त्यांचा वापर. मी म्हटलं, "काकू, टाकू नका. यावर लिनक्स मिंट घालून देते. फुकट आहे. आत्ता टॉरेंट लावते, चहा होईपर्यंत उतरेल."

काकूंचा चहाचा हात तिथेच थांबला. "अगं, टॉरेंट नको बाई! ते चोरीचं असतं ना? घरी पत्र येतं म्हणतात."

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की त्याचं उत्तर एकदा नीट लिहावंसं वाटलं. थोडक्यात सांगायचं तर टॉरेंट हा रस्ता आहे, त्यावरून काय न्यायचं ते आपण ठरवतो. पण एवढंच सांगून थांबले तर त्यातली खरी गंमत राहून जाईल. जितके जास्त लोक एखादी गोष्ट मागतील तितकी ती मिळणं सोपं होत जाईल, आणि अनोळखी माणसांकडून घेतलेली असूनही ती अस्सल आहे याची खात्री करता येईल, अशी ही रचना आहे. हे दोन्ही कसं जमतं ते पाहू.

एका सर्व्हरचा घाम

आधी नेहमीची पद्धत. तुम्ही संकेतस्थळावर 'डाउनलोड' दाबता आणि कुठल्यातरी सर्व्हरवरून फाईल तुमच्याकडे येते. लिनक्स मिंटची फाईल सुमारे ३ जीबीची असते. समजा नवी आवृत्ती आली आणि १०,००० जणांना ती हवी आहे. म्हणजे ३ कोटी एमबी पाठवायचे. सर्व्हरची लाईन सेकंदाला एक गिगाबिटची, म्हणजे १२५ एमबीची असेल, तर ती क्षणभरही न थांबता चालली तरी २,४०,००० सेकंद लागतील. म्हणजे जवळजवळ पावणेतीन दिवस! मागणारे दुप्पट झाले की वेळही दुप्पट. गर्दी हीच इथे अडचण आहे.

मोठ्या कंपन्या यावर पैशाने उपाय करतात. जगभर सर्व्हर उभे करतात. फुकट वाटल्या जाणाऱ्या प्रणालींकडे तेवढा पैसा सहसा नसतो. डेबियनसारखा प्रकल्प तर स्वयंसेवकांवरच चालतो. विद्यापीठं आणि काही कंपन्या आपल्या सर्व्हरवर त्याच्या प्रती ठेवतात, त्यांना 'मिरर' म्हणतात. इंग्लंडमध्ये केंट विद्यापीठाने अशी सेवा अनेक वर्षं चालवली आहे. मिरर वाढले की काम वाटलं जातं, पण मूळ गणित तेच राहतं: देणारे मूठभर, घेणारे हजारो.

मिरजेतले सहा तास

हे गणित घेणाऱ्याच्या बाजूने कसं दिसतं, ते मी कॉलेजात असताना शिकले. त्या काळात उबुंटूच्या सीडी घरपोच फुकट मिळायच्या. लंडनमध्ये मुख्यालय असलेली कॅनॉनिकल ही कंपनी 'शिपइट' नावाच्या योजनेतून जगभर त्या पाठवत असे. २०११ मध्ये ती योजना बंद झाली. सीडी यायला काही आठवडे लागत. त्याआधीच्या पिढीला 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबत आलेली लिनक्सची सीडी आठवत असेल. पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत भरणाऱ्या 'ग्नूनिफाय'सारख्या मेळाव्यांत ओळखीपाळखीतून सीडी हातोहात फिरायच्या. एकाने आणायची, दहा जणांनी कॉपी करायची, त्या दहांनी आपापल्या गावी न्यायची. सगळं उघड्यावर चालायचं, कारण कॉपी करून वाटायची परवानगी या प्रणालींच्या परवान्यातच आहे.

माझ्याकडे मात्र वाट पाहण्याचा धीर नव्हता. मिरजेच्या घरी २५६ केबीपीएसचं ब्रॉडबँड होतं आणि रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोफत. उबुंटूची सीडी ७०० एमबीची. हिशेब करून पाहा: पूर्ण वेगाने २१,८७५ सेकंद, म्हणजे सहा तास आणि साधारण पाच मिनिटं. मोफत वेळ बरोबर सहा तासांचा! त्यात मध्ये लाईन तुटली की ब्राउझर पुन्हा शून्यापासून सुरुवात करायचा. तीन रात्री जागून माझ्याकडे तीन अर्धवट फाईली जमल्या होत्या.

चौथ्या रात्री कॉलेजातल्या एका सीनियरने सांगितलं म्हणून टॉरेंट लावलं. लाईन तेव्हाही तुटली. पण दुसऱ्या रात्री दोन वाजता डाउनलोड जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं. तिसऱ्या सकाळी माझ्याकडे अख्खी, बिनचूक फाईल होती. तीच लाईन, तीच फाईल, मग फरक कशामुळे पडला?

पोथी सुटी करा

यासाठी एक कल्पना करू. छापखाने येण्याआधीचा काळ आहे. गावात ज्ञानेश्वरीची एकच प्रत आहे आणि अठरा लहियांना, म्हणजे हाताने नक्कल करणाऱ्यांना, आपापली प्रत हवी आहे. सोयीसाठी धरून चालू की प्रत्येक अध्याय उतरवायला एक दिवस लागतो. (खरं तर अठरावा अध्याय सगळ्यात मोठा आहे, पण आत्ता ते सोडून देऊ.)

पहिली पद्धत: एकाने अख्खी पोथी घरी न्यायची, अठरा दिवसांत उतरवायची, मग दुसऱ्याला द्यायची. अठरा जणांचे अठरा अठरा दिवस, एकूण ३२४ दिवस. जवळजवळ वर्ष गेलं.

दुसरी पद्धत: पोथीची पानं सुटीच असतात, तेव्हा अध्याय वेगळे करायचे. पहिल्या दिवशी प्रत्येकाला वेगळा अध्याय. दुसऱ्या दिवशी आपला अध्याय शेजाऱ्याला द्यायचा आणि त्याचा आपण घ्यायचा. अठराव्या दिवशी सगळ्यांच्या सगळ्या प्रती पूर्ण! शिवाय पहिल्या संध्याकाळपासूनच प्रत्येक अध्यायाची दुसरी प्रत गावात आहे. मूळ पोथीचा मालक गावाला गेला तरी आता काही अडत नाही.

अमेरिकन प्रोग्रामर ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये आणलेलं बिटटॉरेंट नेमकं हेच करतं. ३ जीबीच्या फाईलचे एकेक एमबीचे सुमारे तीन हजार तुकडे पाडायचे. ज्याच्याकडे सगळे तुकडे आहेत तो 'सीडर', म्हणजे बियाणं पुरवणारा. बाकीचे 'पीअर', म्हणजे बरोबरीचे. तुमच्याकडे पहिला तुकडा आला की त्याच क्षणापासून तुम्हीही देणारे होता. फाईल पूर्ण व्हायची वाट कोणी पाहत नाही. देवाणघेवाण करणाऱ्या या सगळ्या संगणकांच्या समूहाला 'स्वॉर्म' म्हणतात. आपण मोहोळ म्हणू.

आता मघाचं गणित उलटं होतं. दहा हजार जण आले म्हणजे दहा हजार लहियेही आले. मागणीबरोबर पुरवठा वाढतो. आणि माझी लाईन तुटायची तेव्हा काय व्हायचं? तोवर आलेले तुकडे जपलेले असायचे. पुन्हा जोडल्यावर फक्त राहिलेले मागायचे.

दुर्मिळ ते आधी

तीन हजार तुकड्यांपैकी आधी कोणता मागायचा? पहिल्यापासून क्रमाने, असं वाटेल. पण सगळ्यांनी तसं केलं तर प्रत्येकाकडे पहिले अध्याय असतील, शेवटचे कोणाकडेच नसतील आणि बदलाबदल थांबेल. म्हणून बिटटॉरेंटचा नियम असा: आपल्या ओळखीतल्या पीअरपैकी सगळ्यात कमी जणांकडे जो तुकडा आहे तो आधी घ्या. सातवा अध्याय फक्त मूळ मालकाकडे असेल आणि तो उद्या निघून जाणार असेल, तर शहाणा लहिया आज सातवाच उतरवेल. प्रत्येकाने एवढा एक साधा नियम पाळला की कोणी वरून हुकूम न देताही दुर्मिळ तुकडे आपोआप पसरतात.

मोहोळात कोण कोण आहे हे कळायला सुरुवातीला 'ट्रॅकर' नावाचा एक संगणक लागायचा. तो फाईल देत नाही, फक्त पत्ते सांगतो. हा एकच संगणक बंद पडला तर पंचाईत, म्हणून पुढे पत्त्यांची वहीसुद्धा वाटून ठेवायची पद्धत आली. पीटर मेमुंकोव्ह आणि डेव्हिड मेझिएर्स यांनी २००२ मध्ये मांडलेल्या 'काडेम्लिया' या रचनेवर ती आधारलेली आहे. प्रत्येक संगणक वहीची काही पानं सांभाळतो आणि हवा तो पत्ता विचारत विचारत सापडतो.

सावड

इथे कोणाच्याही मनात शंका येईल. घेणारे घेतील आणि देणार नाहीत, त्याचं काय? टॉरेंटच्या जगात अशांना 'लीच' म्हणतात, म्हणजे जळू.

यावरचा उपाय आपल्या गावांना जुना आहे. तुमच्यापैकी ज्यांचं बालपण शेतीच्या जवळ गेलंय त्यांना 'सावड' हा शब्द माहीत असेल. आज तुम्ही माझ्या रानात भांगलायला या, उद्या मी तुमच्या रानात येते. पैसा नाही, करार नाही, पण कोण येतं आणि कोण नुसतं बोलावतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. सारखा चुकवणाऱ्याच्या बांधावर पुढच्या वेळी कोणी फिरकत नाही.

बिटटॉरेंटच्या मूळ रचनेत तुमचा संगणक दर दहा सेकंदांनी पाहतो की आपल्याला सगळ्यात वेगाने तुकडे कोण देतंय, आणि अशा मोजक्या चार-पाच जणांनाच आपले तुकडे देतो. जो देतो त्याला मिळतं. पण नुसती सावड असती तर नव्याने आलेल्याचं काय? त्याच्याकडे द्यायला काहीच नाही. म्हणून दर तीस सेकंदांनी एका कोणत्याही पीअरला काहीही न मागता संधी दिली जाते. नवख्याला पहिला तुकडा असा मिळतो, आणि आपल्यालाही कधीतरी आधीपेक्षा चांगला जोडीदार सापडतो. कोहेनने ही सगळी मांडणी २००३ च्या निबंधात केली. थोडा हिशेब आणि थोडी उदारता, दोन्ही मिळून मोहोळ चालतं.

शब्द बदलला तर?

आता सगळ्यात महत्त्वाची शंका. तीन हजार तुकडे पन्नास अनोळखी लोकांकडून आले. त्यातल्या एकाने मुद्दाम किंवा चुकून काही बदललं असेल तर?

पुन्हा पोथीकडे येऊ. ज्ञानेश्वरीच्या नकला होत होत तीन शतकांत तिच्यात पाठभेद शिरले. कुठे लहियाची डुलकी, कुठे कोणाची स्वतःची भर. संत एकनाथांनी अनेक प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. ते काम किती अवघड होतं याचा विचार करा: कोणती ओवी मूळची आणि कोणती नंतरची, हे ठरवायला एकनाथांसारखा अधिकारी माणूस लागला.

संगणकात हेच काम 'हॅश' करतो. हॅश म्हणजे एक गणिती कृती. तिला कितीही मोठा मजकूर द्या, ती त्यातून ठरावीक लांबीची एक खूण काढते. मजकुरातला एक काना बदलला तरी खूण पूर्णपणे वेगळी येते. आणि दिलेल्या खुणेला जुळेल असा दुसरा मजकूर बनवणं व्यवहारात अशक्य असतं. म्हणजे मूळ पोथीच्या मालकाने प्रत्येक पानाची खूण एका चिठ्ठीवर लिहून दिली, तर पान कोणाच्याही हातून येवो, तुम्ही स्वतः खूण काढून चिठ्ठीशी ताडू शकता. जुळली तर पान अस्सल. नाही जुळली तर फेकून द्या आणि दुसऱ्याकडून मागा.

टॉरेंटची जी छोटी फाईल आपण आधी उतरवतो, ती म्हणजे ही चिठ्ठी. तिच्यात लिनक्स नसतं, तुकड्यांच्या खुणा असतात. बिटटॉरेंटची मूळ आवृत्ती एसएचए-१ हा हॅश वापरते, त्याची खूण २० बाइटांची. तीन हजार तुकड्यांच्या खुणा म्हणजे अवघे ६० केबी. एवढ्याशा चिठ्ठीच्या आधारावर ३ जीबी माल अनोळखी लोकांकडून बिनधास्त घेता येतो. पुढे २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेच्या संशोधकांनी एकच एसएचए-१ खूण असलेल्या दोन वेगळ्या फाईली बनवून दाखवल्या. बिटटॉरेंटच्या दुसऱ्या आवृत्तीत म्हणूनच जास्त मजबूत एसएचए-२५६ वापरलेला आहे.

मला या सगळ्यात सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे. एरवी आपण 'कोणाकडून आलं' यावर विश्वास ठेवतो. इथे 'काय आलं' ते तपासता येतं.

मात्र चिठ्ठी खरी हवी. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटचं संकेतस्थळ हॅक झालं. हॅकरांनी १७.३ सिनॅमन आवृत्तीच्या डाउनलोडचा दुवा बदलून मागचं दार ठेवलेल्या बनावट फाईलकडे वळवला. त्या दिवशी त्या दुव्यावरून फाईल घेतलेल्यांना धोका होता. टॉरेंटने घेतलेल्यांना नव्हता, कारण मोहोळात अस्सल तुकडेच फिरत होते आणि बनावट तुकडा खुणेशी जुळला नसता. पण यावरून टॉरेंट आपोआप सुरक्षित असतं असं समजू नका. हॅकरांनी चिठ्ठीच बदलली असती, तर सगळे तुकडे त्या खोट्या चिठ्ठीशी छान जुळले असते. म्हणून चिठ्ठी प्रकल्पाच्या अधिकृत पानावरूनच घ्यायची, आणि शेवटी अख्ख्या फाईलची खूणही ताडायची.

एका चिठ्ठीचे पाच महिने

हे प्रत्यक्षात चालतं का? चालतं, आणि ते मोजलेलंही आहे. २००३ च्या वसंतात रेड हॅट लिनक्स ९ बाहेर आलं, तेव्हा त्याची १.७७ जीबीची फाईल टॉरेंटवर ठेवली गेली. फ्रान्समधल्या युरेकॉम संस्थेतल्या संशोधकांनी त्या टॉरेंटच्या ट्रॅकरची पाच महिन्यांची नोंदवही तपासली आणि २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. पाच महिन्यांत १,८०,००० हून अधिक संगणक आले, त्यातले ५१,००० पहिल्या पाच दिवसांत. एका साध्या सर्व्हरची अशा लोंढ्यापुढे दाणादाण उडाली असती. मोहोळ मात्र टिकून राहिलं. आलेल्या सगळ्यांनी फाईल पूर्ण केली नाही. पण ज्यांनी केली ते नंतरही सरासरी साडेसहा तास जोडलेले राहिले आणि इतरांना तुकडे देत राहिले. यामागे फार मोठी उदारता असेलच असं नाही. संगणक तसाच सोडून बरेच जण झोपायला गेले असतील. पण एक कारण संशोधकांनीही नोंदवलं: ही फाईल पूर्णपणे कायदेशीर होती, लपवण्यासारखं काही नव्हतं.

मग पत्र येतं ते कशाचं?

आता काकूंच्या प्रश्नाकडे येते. एप्रिल २०१२ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने इथल्या इंटरनेट कंपन्यांना 'द पायरेट बे' हे संकेतस्थळ अडवायचा आदेश दिला. भारतातही त्याच वर्षी न्यायालयाच्या आदेशांमुळे अनेक टॉरेंट संकेतस्थळं बंद झाली. बातम्यांमधून 'टॉरेंट' हा शब्द घराघरात पोचला तो असा, चोरीचे सिनेमे आणि गाणी यांच्यासोबत. पत्रंही त्याचीच येतात: हक्क दुसऱ्याचे असलेली गोष्ट परवानगीशिवाय वाटल्याची. आणि टॉरेंटमध्ये घेणारा वाटतही असतो, हे आपण वर पाहिलंच.

लिनक्सचं उलटं आहे. त्याचा गाभा जीपीएल या परवान्याच्या दुसऱ्या, १९९१ च्या आवृत्तीखाली दिलेला आहे. कोणीही वापरा, कॉपी करा, वाटा, बदला. फक्त पुढे देताना घेणाऱ्यालाही हेच हक्क द्या. उबुंटू, डेबियन, मिंट यांचे टॉरेंट तर त्या त्या प्रकल्पांनी स्वतःच आपल्या पानावर ठेवलेले असतात. ते उतरवणं आणि वाटत राहणं हे नियम मोडणं नव्हे, ती त्यांना केलेली मदत आहे.

तरी काही गोष्टी ध्यानात ठेवा. मोहोळात तुमचा आयपी पत्ता इतरांना दिसतो. लिनक्सच्या बाबतीत त्यात लपवण्यासारखं काही नसलं तरी ते माहीत असावं. ऑफिसच्या किंवा विद्यापीठाच्या नेटवर्कवर टॉरेंटला मनाई असू शकते, तिथे आधी विचारा. मोबाइल डेटावर लावू नका. पाठवलेला डेटाही मोजला जातो. आणि फार जुन्या आवृत्त्यांचे टॉरेंट कधीकधी निपचित पडलेले असतात, कारण बियाणं देणारा कोणी उरलेला नसतो. मोहोळ माणसांवर जगतं, माणसं गेली की संपतं.

तुम्हाला करून पाहायचं असेल तर

आधी लॅपटॉपमधले फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून ठेवा. नवी प्रणाली घालताना जुनी डिस्क पुसली जाऊ शकते. मग ट्रान्समिशन किंवा क्यूबिटटॉरेंट यांपैकी एक प्रोग्रॅम घ्या. दोन्ही मोफत आहेत आणि त्यांचा उगमसंकेत खुला आहे. लिनक्स मिंटच्या अधिकृत पानावर जा. जुन्या यंत्रासाठी एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बरी. तिथला टॉरेंटचा दुवा प्रोग्रॅममध्ये उघडा. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये अपलोडच्या वेगाला मर्यादा घाला, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी व्हिडिओ कॉल अडखळेल.

फाईल पूर्ण झाली की तिची एसएचए-२५६ खूण काढा. विंडोजमध्ये 'सर्टयूटिल' ही आज्ञा ते करते. आलेली खूण मिंटच्या पानावर दिलेल्या खुणेशी ताडा. सगळी ६४ अक्षरं जुळली पाहिजेत. मग एचर किंवा रूफस वापरून ती फाईल यूएसबीवर चढवा आणि लॅपटॉप त्या यूएसबीवरून सुरू करा. काहीही न पुसता मिंट चालवून बघता येतं: वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर दिसतोय का. सगळं पटलं तरच कायमचं घाला.

मराठीची काळजी करू नका. देवनागरी टाइप करायची सोय लिनक्समध्ये आहे. देवनागरीसकट अनेक भारतीय लिप्यांसाठी असलेला 'लोहित' हा मुक्त फॉन्ट रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलाय. तोही असाच, कोणीही घ्यावा आणि पुढे द्यावा म्हणून.

काकूंच्या लॅपटॉपवर त्या दुपारी मिंट बसलं. फाईल उतरायला दोन चहा लागले. टॉरेंट बंद करायला मी हात पुढे केला तेव्हा काकूंनी विचारलं, "ते खाली वर गेलेलं किती दाखवतंय?" मी सांगितलं, आपण ३ जीबी घेतलं आणि आत्तापर्यंत अर्धा जीबी दुसऱ्यांना दिलं.

"मग राहू दे की चालू. शेजारून आलेली वाटी आपण रिकामी परत देतो का?"

टॉरेंटच्या भाषेत याला 'रेशो' म्हणतात: दिलेलं भागिले घेतलेलं. घेतलं तेवढं परत दिलं की तो एक होतो. काकूंकडे आणखी एक चालू संगणक होता, त्यावर मी ती फाईल आणि ट्रान्समिशन ठेवून आले. दोन दिवसांनी त्यांचा व्हॉट्सॲप आला: "आज १.० झालं. आता बंद करू का ठेवू?"

मी लिहिलं, ठेवा. कुठेतरी कोणीतरी रात्री दोनला जागं असेल.